टायर मोठे टाकल्यावर पिकअपचा मीटर किलोमीटर कमी मोजतोय, कॅलिब्रेशन कुठे आणि कसं होतं?

नमस्कार मंडळी,

घरची बोलेरो पिकअप आहे. मंचरहून कांदा-बटाटा भरून तळेगावमार्गे वाशी मार्केट, आणि मधल्या दिवसांत चाकणच्या एका कंपनीचा माल. मूळ टायर २१५/७५ आर १५ होते. माल भरल्यावर शेतरस्त्याला गाडी खालून घासायची, म्हणून चारही चाकांना आणि स्टेपनीला ७.०० आर १५ टाकले. घासणं थांबलं. मीटरचं मात्र गणित बिघडलं.

जुना टायर घरीच आहे. दोन्हींच्या मध्यावरून टेप गुंडाळला: जुन्याचा घेर २२१ सेंमी, नव्याचा २३६. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला गाडी पंधरा सेंमी जास्त पुढे जाते आणि मीटर ते धरत नाही. फरक पावणेसात टक्क्यांचा. एक्स्प्रेसवेवर किलोमीटरच्या पाट्या धरून पाहिलं, तर दहा किलोमीटरला ट्रिप मीटरवर ९.४ आले.

सगळे म्हणतात, "काटा बरोबर आहे, सोडून दे." काटा खरंच जवळपास बरोबर आहे. मीटर ६० दाखवतो तेव्हा मोबाईलच्या जीपीएसवर ६१-६२ असतात. कारण कंपनीतूनच काटा थोडा पुढे ठेवलेला असतो. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही असा नियम आहे. मोठ्या टायरने ती सूट खाऊन टाकली. किलोमीटरच्या आकड्याला मात्र अशी सूट नसते, तिथे पूर्ण फरक पडतो.

आणि आमचा सगळा व्यवहार किलोमीटरवर आहे. कंपनीचं भाडं किलोमीटरने मिळतं. तीनशेच्या फेरीत मीटरवर २८१ पडतात. अ‍ॅव्हरेज चौदावरून तेराच्या आत आलेलं दिसतं, त्यामुळे घरात ड्रायव्हरकाकांच्या डिझेलवर शंका घ्यायला सुरुवात झाली. इतकी वर्षं गाडी जिवापाड सांभाळणारा माणूस आहे, त्यांच्यावर आकड्याच्या चुकीने डाग लागू नये, एवढंच मला हवंय.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "आमच्याकडे होत नाही" एवढंच उत्तर मिळालं. गाडीला स्पीडोमीटरची केबल नाही, गिअरबॉक्सवर सेन्सर आहे. त्या वायरमध्ये सिग्नल दुरुस्त करणारा डबा बसतो असं ऐकलंय. कोणी बसवलाय का? त्याने गाडीच्या ८० च्या स्पीड लिमिटवर (गाडीला त्यापुढे पळू न देणारी सोय) काय परिणाम होतो? आणि हे मीटरशी छेडछाड केल्यात धरतात का?

प्रतिसाद

दादा, तुमचं मोजमाप योग्य आहे. सेन्सर चाकाच्या वेगाप्रमाणे पल्स (विजेचे ठोके) पाठवतो, डबा त्या पल्स ठरलेल्या पटीत वाढवून पुढे देतो. तुमची पट १.०६८ (२३६ भागिले २२१). काटा आणि किलोमीटर दोन्ही त्याच पल्सवर चालतात, त्यामुळे दोन्ही एकदम सुधारतील. काटा परत पूर्वीसारखा थोडा पुढे दाखवेल, ते बरोबरच आहे.

डबा कुठे जोडला यावर सगळं आहे. फक्त मीटरच्या वायरवर जोडला तर ईसीएमला (इंजिनचा कॉम्प्युटर, वेगाची लिमिट तोच लावतो) जुनाच सिग्नल जाईल आणि लिमिट आताइतकंच पुढे राहील. सेन्सरजवळ, म्हणजे ईसीएम आणि मीटरकडे वायर फुटण्याआधी, जोडला तर लिमिटही जागेवर येईल. एक्स्प्रेसवेवर मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, म्हणून दुसरीच जागा बघा. वायरमनला वायरिंग डायग्राम बघूनच हात लावू द्या. जुन्या केबलवाल्या गाड्यांना कमी-जास्त दातांची पिनियन (छोटं दातेरी चाक) बसवून भागायचं.

चालून झालेले किलोमीटर मागे-पुढे करायचे नाहीत, ती छेडछाड. टायर बदलले त्या दिवसाचं रीडिंग लिहून ठेवा, टायरच्या बिलासोबत. कायद्याचा खरा प्रश्न टायरच्या मापाचा आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल चालत नाही. पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि टायर मोठे झाले तरी आरसीवरचं वजन तेवढंच.

धागाकर्ता

मनापासून आभार. डबा सेन्सरजवळच बसवून घेतो. तोवर मीटरचा आकडा १.०६८ ने गुणून डिझेलची वही परत मांडली: १२.८ चं अ‍ॅव्हरेज १३.७ निघालं. वही भावाला आणि काकांना एकत्र बसवून दाखवली. भाड्यासाठी कंपनीला जीपीएसचं अंतर धरायची विनंती केली आहे. पुणे-चाकण भागात हे काम नीट करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.