मेपल लीफ्स आणि पायरेट्स: नाव आधी हॉकीचे की बेसबॉलचे?

लष्करवासी (ग्वाल्हेर):
आमच्या ग्वाल्हेरात ऑलिंपिक हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचे मैदान मूळचे हॉकीचे असूनही पुढे क्रिकेटसाठीच गाजले, त्यामुळे एका खेळातले नाव दुसऱ्या खेळात नांदताना पाहण्याची आम्हाला सवय आहे. तरीही कॅनडातल्या टोरांटोच्या ‘मेपल लीफ्स’ या आइस हॉकी संघाविषयी वाचताना मी अडखळलो, कारण त्याच शहरात त्याच नावाचा बेसबॉल संघही होता. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ‘पायरेट्स’चीही (म्हणजे चाचे) तीच कथा दिसते. हे संघ एकाच संस्थेचे होते का, आणि नाव मुळात कोणाचे, हे कोणी जाणकार सांगू शकतील काय?

जुनी बखर:
दोन्ही शहरांत नाव आधी बेसबॉलचे होते आणि संघांचे मालक निराळे होते. टोरांटोचा बेसबॉल संघ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेपल लीफ्स म्हणवत असे, तर हॉकी संघ फेब्रुवारी १९२७ पर्यंत ‘सेंट पॅट्रिक्स’ होता. कॉन स्माइथ यांनी भागीदारांसह तो विकत घेतला आणि त्याचे नाव बदलले. पहिल्या महायुद्धातील कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यावरील मेपलच्या पानावरून ते घेतले, असे स्माइथ सांगत. ते खोटे मानण्याचे कारण नाही, परंतु आदल्याच वर्षी बेसबॉलच्या मेपल लीफ्सनी इंटरनॅशनल लीग ही बेसबॉल स्पर्धा जिंकलेली असताना ते नाव केवळ बिल्ल्यावरूनच सुचले, हे मला पटत नाही.

पिट्सबर्गमध्ये तर आडपडदाच नव्हता. १८९०-९१ च्या सुमारास लुई बिअरबाउअर हा खेळाडू फिलाडेल्फियाच्या हातून निसटून पिट्सबर्गला गेला, तेव्हा फिलाडेल्फियाकरांनी ‘ही चाचेगिरी आहे’ अशी ओरड केली आणि पिट्सबर्गकरांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली. १९२५ मध्ये या पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची अजिंक्यपद मालिका जिंकली आणि त्याच हिवाळ्यात शहराचा नवा हॉकी संघ त्याच नावाने राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये उतरला. त्याचा पहिला कर्णधार लायोनेल कोनाकर १९२६ च्या त्या विजयी टोरांटो बेसबॉल संघातही होता, म्हणजे दोन्ही उसन्या नावांच्या गोष्टीत हा एकच गडी सापडतो. १९३० मध्ये हा हॉकी संघ फिलाडेल्फियाला जाऊन ‘क्वेकर्स’ झाला, आणि हेही त्या शहराच्या बेसबॉल संघाचे जुने नाव होते. मात्र ४४ पैकी अवघे ४ सामने जिंकून तो वर्षभरात बंद पडला.

दौलतगंजकर:
आपल्याकडची रीत नेमकी उलटी आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते. रेल्वेचा संघ रणजी करंडकातही उतरतो आणि राष्ट्रीय हॉकी स्पर्धेतही, आणि कोलकात्याचा मोहन बागान फुटबॉलप्रमाणे हॉकी व क्रिकेटमध्येही त्याच नावाने खेळत आला आहे. येथे नाव संस्थेचे असते आणि खेळ ही तिची शाखा, तर उत्तर अमेरिकेत ते गावाच्या लाडक्या बेसबॉल संघाचे असते आणि नवा मालक तिकीट विकण्यासाठी ते उसने घेतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर):
आपणा दोघांचे आभार. अशा उसनवारीचा पुढे कोणाला काही उपयोग झाला का?

जुनी बखर:
झाला, आणि तोही अर्धशतकाने. १९७९ च्या ऑक्टोबरात बेसबॉलच्या पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज आणि १९८० च्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सनी सुपर बोल हा त्या खेळाचा अजिंक्यपदाचा सामना जिंकला. हे स्टीलर्सही १९३३ ते १९३९ पर्यंत पायरेट्सच म्हणवत. दोघांचेही रंग काळा आणि सोनेरी असल्याने शहराचा नवा हॉकी संघ ‘पेंग्विन्स’ यानेही निळा टाकून तेच रंग घेतले. बॉस्टनच्या ‘ब्रुइन्स’ या हॉकी संघाने हे रंग आमचे आहेत अशी हरकत घेतली, तेव्हा पेंग्विन्सनी १९२५ च्या हॉकी पायरेट्सच्या काळ्या-पिवळ्या सदऱ्यांचा दाखला पुढे केला आणि लीगने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.