मदत हवी आहे : मोटरीचे ओम-वॅट काढले, मीटरशी जुळेना. जळाली का?

माग_चालू_आहे
अर्जंट आहे, टाइमपास उत्तरं नकोत. व्होल्ट ४१५, करंट १.९. भागलं तर २१८ ओम येतंय आणि मल्टिमीटर लावला तर १९ दाखवालाय. गुणलं तर ७८८ वॅट. मिस्त्री म्हणतोय १९ म्हणजे आतून शॉर्ट, वाइंडिंग (आतली तांब्याची तार) नवीन भरायला टाका. संध्याकाळपर्यंत त्याला हो-नाही कळवायचंय. जळालीय का नाही तेवढं सांगा.

वायरमन_काका
कशाची मोटर? बोअरची, गिरणीची का मागाची? किती एचपी? सिंगल फेज का थ्री फेज? टोंग टेस्टर, वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, एका वायरीला लावलेला का तिन्ही एकदम धरल्या? तिन्ही धरल्या तर झिरोच्या आसपास दाखवतो म्हणून विचारतोय.

माग_चालू_आहे
सोलापुरात कशाची असणार हो, मागाचीच. टॉवेलचा माग, कन्ना चौकाकडं शेड. १ एचपी. ४१५ म्हणल्यावर थ्री फेजच की. टोंग एकाच वायरीला.

सूर्यघर
एवढं ऊन पडतंय आपल्याकडं, शेडवर सोलर टाका. बिलाची कटकटच नको.

माग_चालू_आहे
शेड भाड्याची आहे. आणि बिल कोणी विचारलंय.

सर_भौतिक
ओमचा नियम १८२७ पासून आहे, तो चुकत नाही. व्होल्टला करंटनं भागलं की रेझिस्टन्स. २१८ यायला पाहिजे आणि १९ येतंय तर मिस्त्री बरोबर आहे.

वायरमन_काका
सर, तो नियम गिझरच्या कॉइलला लावा. २३० व्होल्टचा २००० वॅटचा गिझर, करंट ८.७, ओम साडेसव्वीस, मीटर लावा, तेवढेच दाखवेल. मोटर म्हणजे नुसती तार नाही. मल्टिमीटर बॅटरीवर फक्त तांबं मोजतो. चालू मोटरीत वाइंडिंग स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून करंट अडवतं. नुसत्या तांब्यावरच करंट ठरला असता तर वीस-पंचवीस अँपिअर ओढले असते, १.९ कसा दाखवला मग? सुरू होताना ती सहापट ओढते ते याच कारणानं, फिरेपर्यंत ते अडवणं कमी पडतं.

शेंगा_चटणी
जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पण असाच. हिशोबानं ५२९ ओम, गार असताना मोजा, चाळीसच्या आसपास. तार तापली की वाढतो. सहज सांगितलं.

सर_भौतिक
बल्बचा इथं काय संबंध?

शेंगा_चटणी
तुमच्या १८२७ चा होता तेवढाच.

वायरमन_काका
@माग_चालू_आहे, मोटरीवरची वायरी जोडायची डबी उघड, सप्लाय बंद करून. तीन टोकं दोन-दोन करून मोज. तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर वाइंडिंग शॉर्ट नाही. एखादी जोडी ११-१२ दाखवायला लागली तर मिस्त्री खरा. मग टोक आणि बॉडीमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लाव, ५०० व्होल्टचा, १ मेगओमच्या वर पाहिजे.

आणि तुझं ७८८ पण सोडून दे. थ्री फेजला √३ घालायचा असतो. ४१५ × १.९ × १.७३२ म्हणजे १३६६, हे व्हीए झाले, नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार. त्याला पॉवर फॅक्टरनं गुणायचं, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा वाटा कळतो. ०.७ धरला तर ९५६ वॅट. त्यातले ७४६ शाफ्टला मिळाले की झाला १ एचपी, बाकीचे उष्णतेत.

कपॅसिटर_लावा
पॉवर फॅक्टर ०.७??? कपॅसिटर बसवा हो, बिल निम्मं होतंय.

वायरमन_काका
निम्मं कुठलं. वायरीतला करंट कमी होईल, मागाला लागणारे वॅट तेवढेच राहणार. बिल केव्हीएएचवर, म्हणजे वॅटऐवजी व्हीएच्या हिशोबानं, येत असेल तर फरक पडेल, ते आधी बिलावर बघा, उगाच लोकांना खर्चात घालू नका.

माग_चालू_आहे
१९, १९, १९.२. मेगर शेजारच्या शेडमधनं आणला, काटा पार टोकाला, १ मेगओमच्या कितीतरी वर. बाकी दोन वायरींचा करंट २.० आणि १.९. मग गरम का होतेय एवढी? हात ठेवता येत नाही.

वायरमन_काका
गरम होतेय हे आत्ता सांगतोयस!! मागचं कव्हर काढ, पंखा बघ.

माग_चालू_आहे
पंखा दिसलाच नाही आधी. सुताच्या कचऱ्याचा थर, फिन्सच्या (बॉडीवरच्या गार करायच्या पट्ट्यांच्या) मधे पण गच्च, ओढला तर गोधडीसारखा अख्खा निघाला. साफ करून अर्धा तास चालवली, गरम आहे पण हात ठेवता येतोय. मिस्त्रीला नाही म्हणून कळवलं. आता दुसरं सांगा, मालक मागामागं दिवसाला १० युनिट लावतोय, दहा तास चालतो. बरोबर आहे का?

सूर्यघर
बघा, बिलावर आलंच शेवटी.

वायरमन_काका
पॉवर फॅक्टरचा अंदाज सोड, सबमीटरवरची लाल लाइट मोज. बाकीचे माग, दिवे, पंखे सगळं बंद ठेवून. मीटरवर छापलेला असतो, एका युनिटला किती लुकलुक ते.

माग_चालू_आहे
१६०० छापलंय. दीड मिनिटात ३५.

वायरमन_काका
३५ × ३६०० भागिले १६०० × ९०, ०.८७५ किलोवॅट. दहा तासाचे पावणेनऊ युनिट. तार तुटली की माग थांबतो, तो वेळ वजा केला तर त्याहून कमी. मालकाला मीटरसमोर उभा करून मोज.

माग_चालू_आहे
आठ सांगतो. दिव्या-पंख्याचे वेगळे मागितले तर परत येतो.