कुर्स्कमधले ते 23 जण वाचले असते की नाही? काल सेवउसळीवर भांडण झालं, इथे मिटवा

अकोट्याचा मंदार
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 12 ऑगस्ट 2000, बॅरेंट्स समुद्रात रशियाच्या नौदलाचा सराव, कुर्स्क नावाची अणुपाणबुडी, आत 118 माणसं. सकाळी साडेअकराच्या सुमाराला पुढच्या भागात एक टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायचं स्फोटक अस्त्र) फुटला आणि सव्वादोन मिनिटांनी बाकीचे पण, नॉर्वेच्या भूकंपमापकांवर नोंद झाली एवढा धमाका. तरी मागच्या नवव्या कप्प्यात 23 जण जिवंत होते. आणि नौदलाने अलार्म कधी दिला तर रात्री साडेअकराला! बारा तास!! नॉर्वे, ब्रिटन मदत देतो म्हणत होते, यांनी हो म्हटलं 16 तारखेला, 21 ला नॉर्वेच्या डायव्हर लोकांनी झाकण उघडलं तर आत नुसतं पाणी. बरं खोली किती, 108 मीटर. पाणबुडी 154 मीटर लांब, म्हणजे उभी केली असती तर शेपूट पाण्याच्या बाहेर आलं असतं. माझं मत सरळ आहे, त्या 23 जणांना समुद्राने नाही, साहेबांच्या अकडूपणाने मारलं.

रिटायर्ड केमिस्ट, नंदेसरी
मंदार, भाषण छान केलंस पण हिशोब चुकतोय. चौकशीत काय निघालं? ते 23 जण फार फार तर आठ तास जगले. ऑक्सिजन तयार करायच्या प्लेट असतात, त्यातली एक तेलकट पाण्यात पडली, भडका उडाला, उरलासुरला ऑक्सिजन त्याने खाल्ला. आठ तासांत तिथे नॉर्वे काय कोणीच पोचलं नसतं. खरा गुन्हा टॉर्पेडोचा, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मी आयुष्य काढलंय या मालाबरोबर. आमच्याकडे 50 टक्क्याचा यायचा, ड्रमच्या झाकणाला गॅस जायला छिद्र ठेवावंच लागतं. एकदा एका नवीन पोराने वास येतो म्हणून साधं बूच आणून घट्ट पिळून बसवलं, दुपारपर्यंत ड्रम लग्नातल्या पुरीसारखा फुगला, आम्ही सगळे लांबून पाण्याचा पाइप धरून उभे, कोणी जवळ जायला तयार नाही. जरा गंज, जरा कचरा लागला की तो माल स्वतःच तापत जातो, आणि टॉर्पेडोतला तर याहून कितीतरी कडक. ब्रिटिशांची सायडन पाणबुडी 1955 मध्ये बंदरात उभी असतानाच अशा टॉर्पेडोने गेली, 13 जण गेले, त्यांनी ते इंधन सोडून दिलं. रशियाने 45 वर्षं पुढे चालवलं. भांडायचं तर यावर भांड.

अकोट्याचा मंदार
काका, आठ तासांचं नंतर कळलं ना! तेव्हा तर आतून ठोकण्याचे आवाज येतात असं रशियाचं नौदलच सांगत होतं. म्हणजे माणसं जिवंत आहेत असं धरून चार दिवस दुसऱ्याची मदत घेतली नाही, हे जास्त वाईट का कमी? शिवाय बोया. पाणबुडी बुडली की आपोआप वर येऊन ठिकाण दाखवणारा बोया, तो चुकून सुटू नये म्हणून आधीच बंद करून ठेवलेला. हे पण पेरॉक्साइडने केलं का?

प्रतापनगरची वहिनी
दोघांनाही दंडवत, रशियाचं छान चाललंय. इथे आपल्या बडोद्यात हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका, तिथे 108 मीटर पाणी होतं का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आली, दोन रात्री मोबाइलचा टॉर्च खिडकीत हलवत बसलो, फोन लावला की "बोट निघाली आहे" एवढंच ऐकू यायचं. सासूबाई तर खालच्या पाण्यात मगर दिसते का तेच बघत होत्या. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं ना की तुम्ही तशाही वाचणार नव्हता, मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. मंदार बरोबर.

तेजस, मांजलपूर
वहिनी, राग मान्य पण मशीन आणलं की माणूस वाचतो असं पण नाही. 2013 मध्ये मुंबईत आपली सिंधुरक्षक पाणबुडी गेली, 18 जण. नंतर 2018 ला आपल्या नौदलात पाणबुडीतून माणसं काढणारं खास यान आलं, 2021 मध्ये इंडोनेशियाची नंगाला पाणबुडी बुडाली तेव्हा आपण ते पाठवलं सुद्धा. पण ती 800 मीटरच्या खाली तीन तुकडे होऊन पडलेली, 53 जण गेले. तिथे कोण काय करणार.

अकोट्याचा मंदार
पण पाठवलं ना! तेच तर म्हणतोय. कुर्स्कच्या वेळी घरच्यांच्या मीटिंगमध्ये एक आई ओरडायला लागली तर तिला मागून सुई टोचून गप्प केलं, कॅमेऱ्यासमोर. आणि पाणबुडीचं काय झालं विचारल्यावर पुतिन टीव्हीवर हसून म्हणाले, ती बुडाली.

रिटायर्ड केमिस्ट, नंदेसरी
बोयाचं मान्य. सुईचं पण मान्य, ते मी पाहिलंय. आत एका अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत चिठ्ठी लिहिली, 23 जणांची यादी केली, ती वाचल्यावर मी पण दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. पण आठ म्हणजे आठ, त्याचे बारा होत नाहीत. रविवारी ये, सेवउसळीचे पैसे तू देणार आहेस, काल पळालास.