शाळेत पॅड आहेत, पण टाकायचे कुठे?

वर्गशिक्षिका_७वी: आमची जि. प. शाळा, आठवीपर्यंत. पाळी सुरू झालेल्या मुली २५. पॅड मिळतात, पण वापरलेले भांड्यात टाकतात आणि शौचालय तुंबतं. पॅड जाळायचं यंत्र धुरामुळे बंद आहे. निम्म्या मुली घरी कापडच वापरतात. सुरुवात कुठून करू?

तांबडी_माती: ताई, आधी हिशोब मांडा. एका पाळीतले शाळेचे चार दिवस, शाळेत रोज एकदा बदल, म्हणजे २५ मुलींचे महिन्याला १००, रोजचे चारेक पॅड. एवढ्याला झाकणाचा एक डबा पुरतो. तो शौचालयाच्या आतच ठेवा. बाहेर ठेवलात तर वापरलेलं पॅड हातात घेऊन एकही मुलगी चारचौघांत जाणार नाही, ते परत भांड्यातच जाईल. भिंतीला खिळा ठोकून वर्तमानपत्राचे तुकडे अडकवा, गुंडाळायला. भांड्यात पडलं की आतली जेल पाणी पिऊन फुगते आणि मागचं प्लास्टिक कधी कुजत नाही, म्हणून पुरणं हाही उपाय नाही. आणि दाराची कडी बघा. ती आतून लागत नसेल तर मुली दिवसभर एकच पॅड ठेवतात. ४ ते ६ तासांनी बदल व्हायलाच हवा.

भट्टीवाला: धुराची कारणं ठरलेली: क्षमतेपेक्षा जास्त पॅड, पिशवीसकट टाकलेले पॅड, किंवा व्होल्टेज कमी. कॉइल नीट तापली नाही की पॅड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि कमी तापमानाला प्लास्टिकमधून विषारी वायू निघतात. धुराडं खिडकीतून काढू नका, छपराच्या वर न्या. उघड्यावर तर पेटवूच नका. यंत्र नीट चालेपर्यंत गुंडाळलेले पॅड वेगळे उचलायला ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत (ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या पैशात) स्वच्छता हा विषय येतो.

आरोग्य_उपकेंद्र: कापडाला नावं ठेवू नका. स्वच्छ सुती कापड चांगलंच. बिघडतं ते लपवण्यानं: गादीखाली, पत्र्याआड दमट राहिलं की बुरशी, खाज. आधी गार पाणी (गरम पाण्यानं डाग पक्का बसतो), मग साबण, मग कडक ऊन. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाकून वाळवू द्या. पावसाळ्यात दोन कापडं जास्तीची ठेवावीत, पुरतं वाळल्याशिवाय घ्यायचं नाही.

शाळेत मिळणारी आठवड्याची निळी लोहगोळी (रक्तवाढीची) जेवणानंतरच द्या. उपाशीपोटी मळमळतं, मग मुली पुढच्या वेळी टाळतात. रक्तस्राव सात दिवसांच्या वर गेला, तासातासाला पॅड भिजलं किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

वर्गशिक्षिका_७वी: आत्ताच पाहिलं, कडी फक्त बाहेरून आहे. खर्च कशात दाखवू?

तांबडी_माती: शाळेला दरवर्षी खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवरच खर्चायचे असतात, त्यात बसेल. सुतार आलाच आहे तर आत एक खुंटीही मारून घ्या. सलवार-ओढणी अडकवायला जागा नसली की ती ओल्या फरशीवर पडते.