भातुकलीची ब्युरेट

ब्युरेटबाई: काल एका निवृत्त सरांनी इथे लिहिलं: मायक्रोस्केल प्रॅक्टिकल (थोड्या रसायनात, छोट्या काचसामानावर केलेला प्रयोग) म्हणजे भातुकली, आणि कॉलेजच्या सिंकमधून जातं ते कारखान्यांपुढे दर्यात खसखस. रात्रभर डोक्यात राहिलं. सर, हिशेब करा. ६० मुलं, ५० मिलिच्या ब्युरेटला (थेंबथेंब द्रावण सोडायची खुणांची नळी) प्रत्येकी १०० मिलि डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं नारिंगी द्रावण: ६ लिटर. १० मिलिच्या ब्युरेटला २० मिलि पुरतं: सव्वा लिटरच्या आत. कारखान्याला निदान प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं, आपल्या सिंकला कोण विचारतं?

निवृत्त_एचओडी: मीच तो, माजी विभागप्रमुख. वाचनात ०.१ मिलिचा एरर १० मिलित १ टक्का, २ मिलित ५ टक्के. मुलांना हात बसणार कसा?

ब्युरेटबाई: छोट्या ब्युरेटचा एक भाग ०.०५ चा असतो, सर. वापरून बघितली आहे का कधी?

मोहरसॉल्ट: दोघंही थांबा. एंड पॉइंटला, म्हणजे प्रयोग संपताना, फ्लास्कमधलं क्रोमियम त्रिसंयुजी झालेलं असतं. जहाल षट्‌संयुजी उरतं ते ब्युरेटमध्ये आणि बाटलीत. उरलेलं डायक्रोमेट आणि उरलेलं मोहर सॉल्ट (ज्यावर डायक्रोमेट सोडतो तो लोहाचा क्षार) एकाच बादलीत ओता, आम्ल असू द्या. नारिंगी जाऊन हिरवं झालं की चुन्याने पीएच ८-९ करा, गाळ बसतो. फुकटात होतं.

काचकाम: आणि तो गाळ? ब्युरेटवर भांडताय, पण काच धुवायच्या क्रोमिक ॲसिडचं कोणीच बोलत नाही. आमच्याकडे अजून बरणी आहे.

निवृत्त_एचओडी: ते हिरवं पडेपर्यंत पुन्हापुन्हा वापरतात. एक बरणी वर्ष काढते. साबणाने ब्युरेट तशी निघत नाही, थेंब चिकटून राहतात.

काचकाम: वर्ष काढते ती अटेंडंटच्या हातांवर! माझे वडील लॅब अटेंडंट होते. बोटांच्या पेरांवर पिवळे डाग, प्रत्येक शर्टला भोकं. हातमोजे कपाटात, कुलपात, किल्ली एचओडींकडे. हिरवं पडलं की मोरीत. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. मला हात बसण्याच्या गप्पा सांगू नका.

निवृत्त_एचओडी: व्यक्तिगत होऊ नका.

काचकाम: अटेंडंट माणूसच आहे म्हटल्यावर व्यक्तिगतच होणार.

नॅकग्रस्त: आमच्याकडे नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी) कमिटी आली त्या आठवड्यात ‘घातक कचरा’ लिहिलेले तीन कॅन आले. गेल्यावर त्यात पिण्याचं पाणी भरलं. विनोद नाही हा.

मोहरसॉल्ट: गाळाचं विचारलंत ना, तो घातकच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत साठवायला ९० दिवस. रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा तर एका कॅनपेक्षा गाडीभाडं जड. चार कॉलेजांनी मिळून पाठवा म्हटलं, तर प्राचार्य एकमेकांशी बोलत नाहीत.

निवृत्त_एचओडी: बरं. काच रात्रभर डिटर्जंटमध्ये भिजवली तर निघते, हे मलाही माहीत होतं. वेळ लागतो, म्हणून कोणी करत नाही. ब्युरेट मात्र ५० चीच.

ब्युरेटबाई: ठेवा ५० ची. अर्धीच भरा.

काचकाम: आणि ती किल्ली?