मे महिन्यात हिमाचल: तिघी सायकलवर, दोघी पायी. जमेल का?

पानगळ:
नमस्कार मंडळी. आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी, सगळ्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या. पुढच्या मे महिन्यात आठ-नऊ दिवस घरच्यांशिवाय जायचं पक्कं केलंय. तिघी नियमित सायकल चालवतो, महिन्यातून दोनदा तरी सिंहगड होतो. उरलेल्या दोघींना सायकल नको, पण चालायला कधीही तयार. राजगड, तोरणा सगळं पायाखालचं. गाइड, सामानाला गाडी आणि राहायची सोय हवी आहे, बाकी साधं चालेल. एका आयोजकाने मनाली-लेह सुचवलंय. सायकल न चालवणाऱ्या गाडीत बसतील म्हणे! आठ दिवस त्या दोघींनी काचेतून आमच्या पाठी बघायच्या का? शिवाय उंचीचीही धास्ती वाटते. असा मिश्र गट घेऊन कोणी गेलंय का?

गिअरवाला:
ताई, मनाली-लेह मी केलंय. रस्ता देखणा आहे, पण तुमच्यासाठी नाही आणि मेमध्ये तर नकोच. तेव्हा वाटेतल्या बारालाचा खिंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती असतात. खरी अडचण मुक्कामांची. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू ४,२०० च्याही वर. ३,००० च्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असं डॉक्टर सांगतात आणि इथे एका उडीत दुप्पट होतं. सरचूच्या तंबूत मी रात्रभर डोकं धरून बसलो होतो. स्पितीला शिमला-किन्नौरकडून गेलं तर चढ सावकाश मिळतो, पण तुमच्या आठ-नऊ दिवसांत ते धावतपळत होईल.

गोदाकाठ:
पानगळ, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी नाशिकची, वय ५६, बँकेतून निवृत्त. आमचाही गट असाच: तिघी सायकलवाल्या, तिघी चालणाऱ्या. आम्ही जलोरी खिंडीला गेलो होतो, कुल्लू जिल्ह्यात. तुमच्यासाठी मला तीच जागा योग्य वाटते.

मनाली रस्त्यावरच्या औटहून लारजीमार्गे बंजार तीसेक किमी, नदीकाठचा सौम्य चढ. पुढे आठ-नऊ किमीवर जिभी. जिभी १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६) वर तुम्ही पहिल्याच मुक्कामाला झोपता. तिथून शोजा गाव आणि मग खिंड, ३,१२० मीटर. या शेवटच्या तेरा किमीत १,३०० मीटर चढायचं आहे. सिंहगड होतो तर तुम्हाला जमेल, पण वाटेत उतरून सायकल ढकलायची लाज बाळगू नका. मी दोन ठिकाणी ढकलली.

आता चालणाऱ्यांचं. त्यांना मागून जीपने खिंडीत आणायचं. वर मंदिराजवळ धाबे आहेत, तिथे सगळ्या एकत्र येऊन राजमा-चावल खायचा आणि सायकली तिथेच ठेवून सेरोलसर तळ्याला चालत जायचं. पाच किमी, बहुतेक सपाट, जुन्या ओकच्या जंगलातून. तळ्याकाठी बूढी नागिनीचं देऊळ आहे. गावातल्या बायका देवीला घरचं तूप घेऊन येतात. आमच्या पुढे एक आजी डबा छातीशी धरून चालली होती, दोन ठिकाणी थांबली, पण डबा खाली ठेवला नाही. आम्ही सहाही जणी तिच्या मागून गप्प चालत होतो. एकत्र सहल म्हणजे काय ते मला त्या पाच किमीत कळलं. जिभीला तीन रात्री ठेवा, म्हणजे एक दिवस चैहणी कोठीला जाता येईल. लाकूड आणि दगडांचे थर रचून बांधलेला उंचच उंच बुरूज आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले पडले असं गावकरी सांगतात.

आता गाइडबद्दल, हे जरा मनापासून. आधीच्या वर्षी एका आयोजकाबरोबर आम्ही दुसरीकडे गेलो होतो. गाइड चांगला सायकलपटू होता, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे. सामानाची गाडी सरळ हॉटेलवर. आमची सर्वांत सावकाश चालवणारी मैत्रीण पंक्चर घेऊन दीड तास एकटी रस्त्यावर उभी होती, फोनला रेंज नाही. ती नंतर आमच्याबरोबर आली नाही, कधीच. त्यामुळे मी आता आयोजकाला पहिला प्रश्न विचारते: शेपटाला कोण असतं? ट्रेकला जसा बॅक लीड असतो तसा शेवटच्या सायकलच्या मागे माणूस हवा आणि त्याच्याही मागे गाडी. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे भरू नका.

जलोरीचा आमचा गाइड (बंजारचाच मुलगा, वय असेल तेवीस) पूर्ण वेळ शेवटी राहिला. उतारावर मात्र पुढे. दर दोन किमीला हात वर करून सगळ्यांना थांबवायचा. मला वाटायचं उगाच वेळ घालवतो. तिसऱ्या थांब्याला माझी ब्रेकची लिव्हर दाबली तर हँडलला टेकायला आली आणि मागच्या चाकाजवळ जळका वास. मी सबंध उतार ब्रेक धरूनच आले होते. डिस्क तापून निळसर पडली होती. त्याने पाणी मारू दिलं नाही, वीस मिनिटं नुसतं गार होऊ दिलं, मग सांगितलं, "दबाओ, छोडो, दबाओ, छोडो." पुढचा उतार मी ते मोठ्याने म्हणत उतरले.

सेक्टर२२:
चंदीगडला राहतो, म्हणून एवढंच: रात्रीच्या मनाली बसने औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरा, बंजारचा फाटा तिथेच आहे. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे झोपेत पुढे जाल. आणि पावसाळ्याआधी, १५ जूनच्या आत परत या. २०२३ च्या जुलैत बियासला पूर आला तेव्हा मंडी ते मनाली रस्ता जागोजागी वाहून गेला होता.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ ताई, तुमची पोस्ट गटात वाचून दाखवली, जलोरी ठरलं! दोन शंका. सायकली इथून न्यायच्या का? आणि चालणाऱ्यांपैकी एकीचा गुडघा अलीकडे कुरकुरतो आहे. तिला वाटतंय आपण नकोच यावं.

गोदाकाठ:
सायकली तिथल्याच घ्या, पण तुमच्या उंच्या आधी कळवा. मला आमच्या वेळी मोठी फ्रेम दिली होती, दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली. स्वतःची सीट आणि हेल्मेट न्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि जादा ब्रेक पॅड आहेत का ते नक्की विचारा.

गुडघेवाल्या मैत्रिणीला सोडून जाऊ नका. सेरोलसरला दोन काठ्या घेऊन ती सावकाश येईल, खिंडीजवळच्या रघुपूरच्या किल्ल्याची वाट खडी आहे, ती तेवढी टाळू दे. आमच्यातही एक अशी होती. जीपने वर येऊन ती दोन तास धाब्याच्या बाकावर शाल गुंडाळून आमची वाट बघत बसली होती. शेवटच्या वळणावर मी दिसले तशी ती काठी टाकून रस्त्यावर आली आणि सायकलला हात लावून शेवटची वीस पावलं माझ्याबरोबर चालली.