समरकंदहून तेरमेझला जावे का?

प्रश्न – लेणीवेडी
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी व माझे वडील उझबेकिस्तानला जात आहोत. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा निश्चित आहे. वडिलांना बौद्ध अवशेषांत विशेष रस असल्याने दक्षिणेकडील तेरमेझ हे शहरही सहलीत घ्यावे, असे मनात आहे. मात्र ते अफगाण सीमेवर आहे, समरकंदहून पोहोचायला रस्त्याने जवळपास पूर्ण दिवस लागतो, आणि वडिलांना फार चालवत नाही. इतका आटापिटा करण्याजोगे तिथे काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – वाटसरू
समरकंदसारख्या निळ्या घुमटांची अपेक्षा ठेवून गेलात, तर निराशा पदरी पडेल. चंगीझ खानाने १२२० मध्ये जुने तेरमेझ उद्ध्वस्त केले. आजचे शहर तिथून काही किलोमीटर दूर आहे, आणि त्याची रुंद, सरळ रस्त्यांची आखणी रशियन काळातील आहे. शहरात फिरण्यासारखे फारसे नाही; पाहायचे ते सगळे शहराबाहेर विखुरलेले आहे. म्हणून दिवसभरासाठी टॅक्सी ठरवावी आणि प्रत्येक ठिकाणी ती थांबेल, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

वडिलांसाठी फयाझ तेपे मी सर्वांत वर ठेवीन. १९६८ साली एका मेंढपाळामुळे उजेडात आलेला हा कुषाणकालीन विहार आहे. मध्ये मंदिर, एका बाजूस भिक्षूंच्या खोल्या, दुसऱ्या बाजूस भोजनगृह, अशी त्याची मांडणी जमिनीवर स्पष्ट वाचता येते. बाहेरचा स्तूप नवा दिसतो, कारण तो संरक्षक आवरण आहे. त्यातील झरोक्यातून आत डोकावले, की मातीच्या विटांचा मूळ लहान स्तूप दिसतो. चढ फार नाही.

प्रतिसाद – नाशिकची मृणाल
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. आधी शहरातील पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. फयाझ तेपे येथे मिळालेली, बोधिवृक्षाखाली बसलेल्या बुद्धाची व दोन भिक्षूंची प्रसिद्ध मूर्ती ताश्कंदच्या इतिहास संग्रहालयात आहे. तीही ताश्कंदमध्ये असतानाच पाहून घ्यावी. मूर्ती आणि भित्तिचित्रे डोळ्यांखालून गेली नसतील, तर प्रत्यक्ष जागेवर केवळ उघड्या मातीच्या भिंती दिसतात आणि मनाला काहीच भिडत नाही.

आपले नाव लेणीवेडी आहे म्हणून कारा तेपे या बौद्ध विहाराचा उल्लेख करते. वालुकाश्माच्या टेकडीत कोरलेल्या गुहा आणि त्यांच्यासमोर बांधलेली अंगणे अशी तिथली रचना आहे, आणि उत्खननात ब्राह्मी व खरोष्ठी लेखही मिळाले आहेत. पांडवलेणी किंवा कान्हेरी पाहिलेल्या माणसाला त्या गुहांपाशी ओळखीचे काही तरी जाणवते, मात्र कठीण कातळाची भव्यता तिथे नाही. जागा सीमेला अगदी लागून असल्याने प्रवेश मिळेल की नाही, याची चौकशी आदल्या दिवशी हॉटेलमध्येच करावी.

प्रतिसाद – वाटसरू
संग्रहालय आधी, हे मान्य. त्यात अल हकीम तिर्मिझी यांच्या दर्ग्याची भर घालतो. नवव्या शतकातील या सूफी विचारवंताचे स्मारक अमू दर्याच्या काठाजवळ आहे, येथे भाविकांची सतत ये-जा असते आणि झाडांची सावली असल्याने वडिलांना विसावाही मिळेल. पलीकडे तारेचे कुंपण आणि अफगाणिस्तान. कुंपणाचे, सैनिकांचे आणि नदीवरील मैत्री पुलाचे फोटो काढू नयेत. १९८९ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत सैन्याच्या माघारीची अखेर ज्या पुलावर झाली, तो हाच.

झुरमाला स्तूप शेतात एकटाच उभा आहे. तिथे वडिलांना उतरवण्याची गरज नाही, गाडीतूनही तो दिसतो.

प्रश्नकर्ती – लेणीवेडी
दोघांचे मनःपूर्वक आभार. समरकंदहून रेल्वेने जावे की टॅक्सीने?

प्रतिसाद – नाशिकची मृणाल
वडिलांना पाठीचा त्रास नसेल तर टॅक्सीने, कारण बायसूनच्या डोंगरांतून जाणारा रस्ता हेही एक पाहण्याजोगे ठिकाण आहे. परतताना मात्र ताश्कंदची रात्रीची रेल्वे घ्यावी. शयनयानात झोपून जाता येते. पासपोर्ट कायम जवळ बाळगावा, कारण सीमेजवळच्या तपासणी नाक्यांवर तो मागतात. ऑक्टोबरची निवड योग्य आहे. उन्हाळ्यात तेरमेझमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी बाहेर पडणेच अशक्य होते.